रेडेखडपाची वाट

चवथीचे गणपती पोचवून झाले आणि सड्यावर लोखंडी गेट बसलं. गेटवर राखणदार म्हणून गोकुळदास लागला. धाकटी वेळ या गावातल्या लोकांना पहिल्या गोष्टीपेक्षा दुसरी जास्त झोंबली.

सडा विकला गेलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाव खाली किनाऱ्याला, माडांच्या पट्ट्यात. पाठीला डोंगर, डोंगरावर जांभ्या दगडाचा सपाट सडा, आणि सड्यावरून तांबड्या मातीची एकच गाडीवाट थेट तिठ्यावरच्या हमरस्त्याला मिळते. दुसरी वाट किनाऱ्याने. शेजारच्या थोरली वेळ गावापर्यंत गाडी जाते, पुढे सुकती, म्हणजे ओहोटी, असेल तेव्हा रेडेखडपाच्या पायथ्याने चालत यायचं. रेडेखडप म्हणजे डोंगराचं समुद्रात घुसलेलं टोक. लांबून बघितलं तर रेडा पाण्यात तोंड बुडवून बसलाय असं दिसतं. ती वाट पूर्वी फक्त दगडांना चिकटलेली कालवं काढायला जाणाऱ्या बायकांची होती.

गोकुळदास डिचोलीच्या बाजूला खाणीवर मशीन चालवायचा. खाण बंद पडली तसा तो घरी आला. मग कधी कुणाच्या काजूबागेत, कधी बांधकामावर, असं करत त्याने वर्षं काढली. पन्नाशीला आलेल्या माणसाला कायमचं काम कोण देतो? सडा घेणाऱ्यांच्या सुपरवायझरने विचारलं तेव्हा त्याने आईला विचारलं नाही, भावालाही नाही. खाकी कपडे आणि टोपी घेऊनच घरी आला.

त्याचा धाकटा भाऊ सुदेश पायलट होता, म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवायचा. पेडण्याच्या स्टेशनवर किंवा तिठ्यावर उभा राहायचा, पाठीवर पिशव्या घेतलेले प्रवासी मागे बसवायचा आणि सड्यावरून खाली आणायचा. घरामागे समुद्राच्या अंगाला दोन खोल्या बांधलेल्या होत्या. प्रवासी त्यांत राहायचे. सुदेशची बायको गौरवी चादरी धुवायची, जेवण रांधायची, आणि गोकुळदासची बायको शालिनी तिला मदत करायची. चूल एकच होती. मधे आई सत्यवती.

गेट बसल्यानंतर सुदेश पहिलं भाडं घेऊन आला तेव्हा गोकुळदास टोपी घालून स्टुलावर बसला होता. भावाला बघून तो उठला, पण कडीला हात लावला नाही. गावच्या माणसाने दिवसाउजेडी पायी जायला हरकत नाही, पण गाडी नाही आणि परका माणूस नाही, असा हुकूम होता. वाटेच्या वहिवाटीबद्दल गावाने कोर्टात दावा घातला होता. एक जरी परका माणूस या गेटातून सोडला तर उद्या तेच वहिवाट म्हणून पुढे येईल, असं सुपरवायझरने त्याला दोनदा समजावलं होतं.

"दादा, बॅगा तरी जाऊंदे," सुदेश हळू आवाजात म्हणाला. "माणूस चलत येता."

"सोडूक येणा नाय," गोकुळदास म्हणाला. बोलताना त्याने भावाकडे बघितलं नाही. मागे बसलेल्या प्रवाशाकडे बघत बोलला.

सुदेशने गाडी वळवली. पुढे थोरल्या वेळेला चहाच्या गाड्याजवळ मोटरसायकल लावायची, प्रवाशांच्या बॅगा डोक्यावर नि खांद्यावर घ्यायच्या आणि खडपांवरून त्यांना घरी आणायचं, हे त्याचं रोजचं काम झालं. कालवांच्या धारेने त्याचे तळवे कापले. खाऱ्या पाण्याने ते भरेनात. रात्री गौरवी खोबरेलात हळद कालवून लावायची आणि तो पाय भिंतीला टेकवून पडायचा. प्रवाशांना ती वाट आवडायची. मधेच थांबून ते फोटो काढायचे. सुदेश डोक्यावरचं ओझं सावरत, पाण्याकडे नजर ठेवून उभा राहायचा.

घरात कुणी भांडलं नाही. गोकुळदास आणि सुदेश एका वेळी जेवायला बसेनासे झाले, एवढंच. एक पेज पिऊन गेटवर गेला की दुसरा उठायचा. संध्याकाळी एक घरापुढच्या बाल्कांवात बसला की दुसरा मागच्या दारी माडाखाली जायचा. सत्यवती दोघांना सारखंच वाढायची. गॅसचा टेम्पो गेटच्या बाहेरच सिलिंडर टाकून जायचा. तो सिलिंडर मात्र गोकुळदास ड्युटी संपल्यावर स्वतः खांद्यावर घेऊन सड्यावरून खाली आणायचा. उतारावर तो मधे थांबून खांदा बदलायचा. दारात सिलिंडर ठेवून तो विहिरीवर जायचा. गौरवीने एकदा, भावोजी, मी कुणाक तरी सांगतंय, असं म्हटलं. पुढचा सिलिंडरही त्यानेच आणला.

दिवाळी झाल्यावर साताऱ्याकडचे दोघे आले. ओंकार नावाचा तिशीतला मुलगा आणि त्याची आई वत्सलाबाई. ओंकारने फोनवर नकाशा बघून गाव शोधलं होतं. नकाशात सड्यावरची वाट सरळ खाली उतरलेली दिसत होती, गेट दिसत नव्हतं. तिठ्यावर टॅक्सीवाल्याशी त्याची बाचाबाची झाली. शेवटी सुदेशने त्यांना थोरल्या वेळेला बोलावलं आणि तिथून खडपांवरून आणलं. त्या दिवशी पाणी लांब मागे गेलं होतं, ऊन कोवळं होतं. वत्सलाबाईंचे गुडघे दुखरे, पण साडी वर खोचून त्या हळूहळू चालत आल्या. एका जागी डोंगर आणि समुद्र यांच्यामधे खडप फाटलेलं आहे. त्या फटीतून खालून पाणी येतं आणि श्वास सोडल्यासारखा आवाज करून परत जातं. तिथे सुदेशने त्यांना हात देऊन पलीकडे घेतलं. त्यांनी वाकून फटीत बघितलं आणि पुढे चालताना पुन्हा मागे वळून बघितलं.

वत्सलाबाईंचं आणि सत्यवतीचं पहिल्याच दिवशी जमलं. एकीचं बोलणं दुसरीला निम्मं कळायचं, तरी दोघी मागच्या पडवीत बसून तासन् तास बोलायच्या. सत्यवती आडाळ्यावर नारळ खवायची, वत्सलाबाई लसूण सोलायच्या. पाववाला पोदेर सायकल घेऊन थोरल्या वेळेपर्यंतच येतो, म्हणून सुदेश पहाटे जाऊन उंडे आणायचा. ते चहात बुडवून खाताना वत्सलाबाई म्हणाल्या की नवरा गेल्यापासून त्यांनी कुणाच्या घरी असं बसून खाल्लं नव्हतं. ओंकार दिवसभर पोहायचा, नाहीतर खाटेवर पडून फोन बघायचा. वाईट मुलगा नव्हता. आईला सुट्टी द्यावी म्हणून आला होता आणि सुट्टी ठरल्या दिवशी संपली पाहिजे, असं त्याच्या डोक्यात होतं.

त्यांच्या जाण्याच्या आदल्या दुपारी दर्या फिरला.

वारा नव्हता. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. माडांची झावळं हलत नव्हती. पण लाटा लांबून, सावकाश, एकामागून एक अशा येऊ लागल्या की फुटताना जमीन हादरायची. कुठेतरी खोल समुद्रात वादळ उठलंय, ते इकडे येणार नाही, दुसरीकडे वळतंय, असं रेडिओवर सांगत होते. रापणकार मच्छीमारांनी होड्या ओढून माडांच्या मुळांना बांधल्या. संध्याकाळी पाणी कुंपणाच्या काठीपर्यंत आलं, कोंबड्यांचं खुराडं भिजवून परत गेलं. सत्यवतीने खिडकी लावून घेतली. रात्री जेवताना ताटातली आमटी हलत होती.

गौरवीने ओंकारला सांगितलं की उद्या जायचं बघू नका. तो म्हणाला, विमान दुपारचं आहे, मोपा विमानतळ काही लांब नाही, सकाळी निघालो तरी चालेल. विमानतळ लांब नाही, पण वाट नाही, हे तिने त्याला दुसऱ्यांदा सांगितलं. तो हसला. सकाळपर्यंत ओसरेल म्हणाला.

सकाळी ओसरलं नव्हतं. सुकतीची वेळ झाली तरी पाणी खडपांच्या पायाशीच घुटमळत होतं. अधूनमधून मागे जायचं तेव्हा काळे दगड उघडे पडून चकाकायचे आणि परत बुडायचे. सुदेश बराच वेळ वाळूवर उभा राहून बघत होता. मग येऊन म्हणाला, आज नाय. ओंकारने बॅगा भरलेल्या होत्या. तो म्हणाला, मग वरून जाऊ. गेट काय, माणसाने बसवलेलं आहे.

तिघे सड्यावर चढले. चढताना वत्सलाबाईंना दम लागला, तीन ठिकाणी बसावं लागलं. वर ऊन तापलं होतं. गेटपलीकडे रस्त्यावर टॅक्सी उभी होती, ओंकारने फोन करून बोलावलेली. तिचा ड्रायव्हर दारात पाय सोडून बसला होता.

ओंकारने गोकुळदासला सगळं नीट सांगितलं. आई म्हातारी आहे, खाली समुद्र असा आहे, गाडी समोर उभी आहे. गोकुळदासने सुपरवायझरला फोन लावला. लांब जाऊन, पाठ करून बोलला. परत आला तेव्हा टोपी काढून हातात घेतली होती.

"नाय म्हणतत," तो म्हणाला. "कोर्टाची तारीख जवळ आसा. कोणय आज फोटो काढीत, म्हणतत."

"काका, फक्त कडी काढायची आहे," ओंकार म्हणाला. "आम्ही कुणाला सांगणार नाही."

गोकुळदासने कडीकडे बघितलं, पण चावी खिशातच राहू दिली. वत्सलाबाई त्याच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी मुलाला हाक मारली, म्हणाल्या, राहू दे, उद्या जाऊ, परवा जाऊ. ओंकारने ऐकलं नाही. आपण इथे अडकलोय आणि हा माणूस चावी खिशात घालून उभा आहे, हे त्याला सहन होत नव्हतं. त्याने सुदेशकडे वळून विचारलं, तुम्ही आम्हाला आणलं, आता बाहेर काढायची जबाबदारी कुणाची?

"दोन दिस रवा," गोकुळदास भावाला म्हणाला. गेट बसल्यानंतर त्याने सुदेशशी असं सरळ बोललेलं हे पहिलंच. "दर्या बसतलो. जेवूक घाल तेंका, रवंदेत."

तेवढंच तो बोलला असता तर कदाचित सुदेश थांबला असता. पण टॅक्सीचा ड्रायव्हर हसला. कशाला हसला कोण जाणे, कदाचित दुसऱ्याच कशाला. ओळखीचा ड्रायव्हर, तिठ्यावर रोज भेटणारा. सुदेशचा चेहरा काळवंडला. एवढे महिने ओझी वाहून कापलेले पाय, चप्पल घालतानाही दुखणारे, आणि समोर खाकीतला भाऊ त्याला शहाणपण शिकवत होता.

"चला," तो ओंकारला म्हणाला. "कोणाक हात जोडून आमचो बापूस ह्या वाटेन कधी गेलो नाय. मी जावचंय नाय."

"सुदेश, पाणी मागे जाणा नाय आज," गोकुळदास म्हणाला.

"बघतंय मी."

खाली घरी आल्यावर सत्यवतीने वाट अडवली. सुदेश ऐकणार नाही हे तिला दिसत होतं. तिने वत्सलाबाईंचा हात धरला. "बाये, तू रव," ती म्हणाली. "झिलाक जांव दे. तू चार दिसांनी जा."

वत्सलाबाईंनी हात सोडवला नाही. तसाच धरून ठेवून त्या म्हणाल्या, "एकट्याला कसं सोडू हो पोराला?" मग पदर कमरेला खोचला आणि चपला पिशवीत टाकल्या.

वाळूवरून रेडेखडपापर्यंत तिघे चालले. ओंकारच्या पाठीवर मोठी बॅग, सुदेशच्या खांद्यावर दुसरी. पहिली खडपं ओली होती, पण चढता आली. लाटा फुटून फेस पायाशी यायचा, सुदेश हात वर करायचा आणि ती दोघं थांबायची. पाणी मागे गेलं की चला म्हणायचा. असं करत ते निम्म्यावर आले. डोंगराच्या कड्याखाली आल्यावर मागचं गाव दिसेनासं झालं, पुढची थोरली वेळ अजून दिसत नव्हती. आवाज एवढा होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. ओल्या दगडांना शेवाळाचा आणि मेलेल्या मासळीचा वास येत होता.

फटीपाशी येऊन सुदेश थांबला. फट भरलेली होती. पाणी खालून उसळून गुडघ्याएवढं वर यायचं आणि दगड खेचत खाली जायचं. इथून परत फिरावं असं त्याच्या मनात आलं. त्याने मागे बघितलं, तर ज्या दगडांवरून ते आले होते ते बुडाले होते.

त्याने ओंकारला आधी जायला सांगितलं. ओंकारने उडी मारली. पलीकडे हात टेकले, बॅगेच्या ओझ्याने मागे झुकला, सावरला आणि वर चढला. आता सुदेशने खांद्यावरची बॅग समुद्रात सोडून दिली आणि वत्सलाबाईंना पाठीवर घेतलं. त्या अगदीच हलक्या होत्या. त्यांनी त्याच्या गळ्याभोवती हात घातले. त्या काहीतरी पुटपुटत होत्या. त्याच्या कानाशीच, तरी शब्द कळत नव्हते. त्याने एक मोठी लाट जाऊ दिली, तिच्या मागची जाऊ दिली, आणि पाय टाकला.

पुढची लाट समोरून आली नाही. कड्यावर आपटून बाजूने आली. सुदेशने बाईंना दोन्ही हातांनी अलीकडच्या वरच्या दगडावर ढकललं, तेवढंच त्याला जमलं. त्याचा उजवा पाय फटीत गेला. पाण्याबरोबर एक दगड घरंगळत आला आणि पायावर बसला. पायाचं हाड मोडताना त्याला आवाज आला नाही. तो ओरडला की नाही तेही त्याला आठवत नाही. पाणी छातीवरून गेलं, तोंडावरून गेलं, आणि उतरताना त्याला बरोबर ओढायला लागलं.

त्याच्या शर्टाची कॉलर कुणीतरी धरली होती. वत्सलाबाई दगडावर पालथ्या पडल्या होत्या. एका हाताने कॉलर धरून दुसऱ्या हाताने त्यांनी आपला पदर सोडवला, त्याच्या दंडाला गुंडाळला आणि ते टोक मुठीत धरून दगडाच्या उंचवट्यावर छाती टेकून राहिल्या. प्रत्येक लाटेला दोघंही पाण्याखाली जायची. लाट गेली की त्या श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आहे मी. आहे मी इथे." पलीकडे ओंकार ओरडत होता. त्याला इकडे यायला वाटच नव्हती.

गोकुळदासने गेट सोडलं होतं. भाऊ खाली उतरल्यापासून त्याला बसवत नव्हतं. शालिनी त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा तो स्टुलावर नव्हता. सड्याच्या टोकाला, कुंपणाच्या तारेपाशी उभा राहून तो खाली बघत होता. तिथून फट दिसते. त्याने तिघं येताना बघितली, ओंकारची उडी बघितली, आणि मग पांढऱ्या फेसात भाऊ गेलेला बघितला.

त्याने खिशातून चाव्या काढून शालिनीकडे फेकल्या.

"उघड," तो म्हणाला. "दोनय दारां उघड. अँबुलन्साक फोन कर, हंय टोकार येवंदे म्हण."

"सायबाक विचारलास?"

तो तारेखाली वाकला होता. पाठीवरचा शर्ट तारेला अडकून फाटला. त्या जागी डोंगराला एक घळ आहे. पूर्वी बायका कालवं काढायला तिथून उतरायच्या, गेट झाल्यावर तिच्या तोंडालाही तार घातलेली. गोकुळदास समुद्राच्या गावात वाढला असला तरी पाण्याला भिणारा माणूस. त्याचं अर्धं आयुष्य खाणीच्या लाल मातीत गेलेलं. घळीतून तो बसून, घसरत, मुळं धरत उतरला. खाली आला तेव्हा पाणी त्याच्या मांड्यांना लागत होतं. दोन्ही हातांनी दगडाला मिठी मारत तो सरकला. सुदेशच्या काखेत हात घातले, पण पाय सुटेना. मग लाट यायची वाट बघून, पाण्याने दगड थोडा उचलला त्या क्षणी त्याने भावाला खेचलं. सुदेशच्या तोंडून निघालेला आवाज वर सड्यावर शालिनीला ऐकू गेला.

ओरडा ऐकून सड्यावर धावलेले रापणकार दोर घेऊन घळीने उतरले. आधी म्हातारीला वर काढली. तिने पदर सोडला नव्हता, बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग सुदेशला जाळ्यात घालून ओढला, आणि शेवटी दोर टाकून ओंकारला अलीकडे घेतलं. तोवर गेट सताड उघडलं होतं आणि अँबुलन्स सड्यावरून, धूळ उडवत, अगदी कड्यापर्यंत आली होती. तिच्या मागून टॅक्सी आली, टॅक्सीमागून तिठ्यावरचे बघे आले. कित्येकांनी फोन वर धरले होते. सत्यवती गावातून धापा टाकत चढून आली. मोडलेला पाय बघून ती खाली बसली आणि दुसरं काहीच करायला नसल्यासारखी त्या पायावरची वाळू पुसू लागली.

इस्पितळात सुदेशच्या पायात सळई घातली. वर्षभर गाडीचं नाव काढू नको, असं डॉक्टरने सांगितलं. वत्सलाबाईंच्या दोन बरगड्यांना मार होता, हात काळेनिळे झाले होते. ओल्या साडीवर इस्पितळाची चादर पांघरून त्या संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसून राहिल्या. सत्यवती त्यांच्या शेजारी होती. जाताना ओंकार गोकुळदाससमोर येऊन उभा राहिला. मी घाई केली, असं म्हणाला. गोकुळदासने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, ते ओंकारला कळलं नसावं. तो आईला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर स्वतः घरी आला. आवाज चढवला नाही. बाल्कांवात बसून पाणी प्यायला, सुदेशची विचारपूस केली. म्हणाला, माणूस म्हणून तुम्ही बरोबर केलंत, पण मला वर उत्तर द्यायचं आहे. कपडे परत हवे होते. शालिनीने फाटलेला शर्ट रात्रीच शिवून ठेवला होता. त्याने उलटसुलट करून बघितला, शिवण बघितली, आणि म्हणाला, हा राहू दे तुम्हालाच, टोपी तेवढी द्या. गोकुळदासने खिळ्यावरची टोपी काढून दिली.

आठवड्यात गेटवर नवा राखणदार आला. लांबच्या मुलखातला, त्याला इथलं बोलणं कळत नाही आणि कुणाचं तोंड ओळखीचं नाही. घळीच्या तोंडाशी सिमेंटचे खांब पुरले, मधे जाड जाळी ताणली. गावाचा वकील खूश होता. गेट उघडलं, गाड्या आल्या, लोकांनी बघितलं, हे कोर्टात उपयोगी पडेल म्हणत होता. पण तारीख पुढे गेली, आणि गोकुळदासला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. तो दिवसभर विहिरीचं पाणी माडांना घालायचा. भावाच्या खाटेशी जायचा नाही. सुदेशही त्याला हाक मारायचा नाही. शौचाला न्यायची वेळ आली की मात्र गोकुळदास न बोलावता यायचा, त्याला उचलायचा, परत आणून ठेवायचा.

नाताळ जवळ आला. दोन्ही खोल्या मागेच ठरलेल्या होत्या. गौरवी म्हणाली, नको, सांगून टाकूया येऊ नका म्हणून. सुदेश खाटेवरून म्हणाला की मग खायचं काय. पडवीत बसलेला गोकुळदास उठला, आत आला आणि खाटेच्या पायथ्याशी टेकला.

"खंयचो दगड निसरडो, ता सांग," तो म्हणाला.

सुदेशने डोळे मिटले. मग एकेक दगड सांगू लागला. कुठला पाऊल धरतो, कुठला धरतो असं वाटतं पण हलतो, फटीपाशी कुठे उभं राहून पाण्याकडे बघायचं. मधेच त्याला राग आला. असा तोंडाने सांगून येणा नाय, म्हणाला. मग परत सांगू लागला. गोकुळदास पुटपुटत ते घोकत होता. सत्यवती दाराशी उभी राहून ऐकत होती.

थोरल्या वेळेला चहाच्या गाड्यापाशी चौघं तरुण उभी होती. चाकांच्या बॅगा वाळूत रुतलेल्या. गोकुळदासने त्यातल्या दोन उचलून खांद्यावर घेतल्या. सुदेशची चप्पल त्याला लहान व्हायची, म्हणून तो अनवाणीच आला होता. चौघं हसत-बोलत मागून चालू लागली. रेडेखडपाच्या टोकाशी आल्यावर त्यांतली एक मुलगी थांबली. पाण्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"काका, तुम्ही रोज जाता ना इथून?"

"होय," गोकुळदास म्हणाला.

दर्या शांत दिसत होता. पाणी मागे गेलं होतं. पुरतं गेलं होतं की अजून जायचं होतं, हे गोकुळदासला सांगता आलं नसतं. त्याने खांद्यावरचं ओझं सारखं केलं, माझ्या पाठसून या म्हणाला, आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला.